शत्रू वाट पाहतो

"मामा, हा राक्षस नुसता उभा का आहे? तू मघापासून मेनू चाळतोयस आणि तो तुझ्याकडे बघत बसलाय. मारत का नाही?"

दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या भाच्याचा हा प्रश्न. तो एकोणीस वर्षांचा आहे आणि त्याच्या खेळांत डोळ्याची पापणी लवली तरी माणूस मरतो. मी उत्तर दिलं, "कारण ही माझी पाळी आहे." त्याने खांदे उडवले, "म्हणजे जुन्या काळची अडचण. तेव्हा कॉम्प्युटरला जमत नव्हतं, आता जमतं. मग अजून का?" एवढं बोलून तो फराळाकडे वळला. मी मात्र त्या प्रश्नापाशी आठवडाभर अडून राहिलो.

खेळ होता 'चेन्ड एकोज'. ठिपक्याठिपक्यांची चित्रं, प्रवासात जोडली जाणारी माणसांची टोळी, एकमेकांवर टपलेली तीन राज्यं, जादू, कारस्थानं, आकाशात उडणारी जहाजं: जपानी धाटणीच्या रोल-प्लेइंग खेळांचा हा सरंजाम आता सगळ्यांच्या ओळखीचा आहे, त्यावर जागा घालवत नाही. सांगण्याजोगी गोष्ट अशी, की तो जपानमध्ये झालेलाच नाही. माथियास लिंडा या जर्मन माणसाने तो जवळजवळ एकहाती बनवला. संगीत तेवढं एडी मारियानुक्रोह यांचं. सुमारे सात वर्षं काम, मध्ये २०१९ साली किकस्टार्टरवर लोकवर्गणी, आणि ८ डिसेंबर २०२२ रोजी प्रकाशन. एका माणसाने आयुष्याची सात वर्षं ज्या घाटाला वाहिली, त्याला कोणी 'जुनी अडचण' म्हटलं तर मला ते लागतं.

भाच्याचा दुसरा आरोप जेवताना आला: "तुम्हा लोकांना लहानपण आठवतं म्हणून आवडतं." हा तर साफ चुकीचा. लिंडाच्या पिढीतल्या युरोपीय मुलांबद्दल तो कदाचित खरा असेल, माझ्याबद्दल नाही. नव्वदीच्या दशकात आमच्याकडे टीव्हीला जोडायचा जो 'व्हिडिओ गेम' यायचा, त्याच्या कॅसेटींत मारिओ असायचा, कॉन्ट्रा असायचा, गाड्यांच्या शर्यती असायच्या. तासन् तास वाचत खेळायचे जपानी खेळ आमच्या गल्लीत कुणी पाहिलेही नव्हते. मी पहिला असा खेळ खेळलो तो तिशी उलटल्यावर. मला आठवायला काही नाही. मला जे आवडतं ते आत्ताच, समोर, पडद्यावर आवडतं.

मग काय आवडतं? इथे मी माझ्या एका जुन्या भेदाकडे येतो. मी तो पुस्तकांना लावतो, सिनेमाला लावतो, सरकारी खिडकीवरच्या रांगेलाही लावतो: वेळ खाणं वेगळं आणि वेळ देणं वेगळं. दोन्हींत घड्याळाचा काटा सारखाच सरकतो. पण एकात आपण उठतो तेव्हा काहीतरी लुबाडलं गेल्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्यात कुणीतरी आपल्यासाठी थांबलं होतं असं वाटतं. पाळीपाळीचा खेळ वेळ देतो. तो राक्षस मूर्ख म्हणून उभा नाही. मी विचार पुरा करावा म्हणून तो उभा आहे. बुद्धिबळात समोरचा माणूस आपल्या हत्तीकडे हात नेतो तेव्हा आपण त्याचा हात धरत नाही, आणि त्यात कुणाला काही विचित्रही वाटत नाही.

'अडचण' या शब्दाला मात्र इतिहासात जागा आहे, तेवढं मान्य केलं पाहिजे. २७ मे १९८६ रोजी जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' आला. युजी होरीने अमेरिकेतल्या 'अल्टिमा'मधून वरून दिसणारा नकाशा घेतला, 'विझर्ड्री'मधून समोरासमोरची लढाई घेतली, आणि सगळं ६४ किलोबाइटच्या कॅसेटमध्ये बसवलं. आज फोनवर काढलेला एक फोटो त्याच्या कितीतरी पट जागा घेतो. त्या टंचाईच्या खुणा मला फार प्रिय आहेत. मूळ आवृत्तीतला नायक वळतच नाही. वर जा, खाली जा, त्याचं तोंड कायम आपल्याकडे, त्यामुळे तो खेकड्यासारखा आडवा सरकतो. आणि तोंड एकाच दिशेला असल्याने तो कुणाशी बोलू पाहतोय हे खेळाला कळत नाही, म्हणून दर वेळी 'बोला' निवडून मग उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम सांगावं लागतं. जिना चढायलासुद्धा वेगळा हुकूम. १९८९ साली अमेरिकेत गेलेल्या आवृत्तीत नायक वळू लागला आणि दिशा विचारणं संपलं. ती अडचणच होती, गेली, बरं झालं. कुणीही ती घाट म्हणून परत आणलेली नाही.

पण शत्रूचं थांबणं ही तशी अडचण असती तर तीही गेली असती. घालवण्याचा प्रयत्न झालाच. १९९१ च्या 'फायनल फँटसी ४' मध्ये हिरोयुकी इतोने लढाईत धावतं घड्याळ आणलं. तुम्ही विचार करत बसाल तर शत्रू मारेल. मोटारींच्या शर्यतीवरून ही कल्पना सुचली असं त्याने सांगितलं आहे. चार वर्षांनी त्याच कंपनीच्या 'क्रोनो ट्रिगर'ने सुरुवातीलाच विचारलं: लढाई धावती हवी की थांबणारी? मेनू उघडा असताना घड्याळ थांबलेलं हवं, तर तसं. १९९५ साली यंत्राला धावणं जमत होतं आणि तरी थांबण्याची सोय राखली गेली. भाच्याच्या 'जमत नव्हतं' ला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही, आणि मला वाटतं ते पुरेसं आहे.

लिंडाचं कौतुक मी याच भेदाने करत आलो. त्याने वेळ देणारं ठेवलं आणि वेळ खाणारं काढून टाकलं. पूर्वीच्या खेळांत चार पावलं टाकली की अदृश्य शत्रू अंगावर यायचा. इथे ते नकाशावर दिसतात. लढाई संपली की सगळ्यांची ताकद आपोआप भरते, औषधांच्या बाटल्या मोजायला नकोत. अनुभवाचे गुण साठवून लेव्हल चढवणं तर नाहीच. नवी कौशल्यं मिळतात ती कथेतल्या मोठ्या लढाया आणि कामगिऱ्या पार पाडून. त्यामुळे तीच ती छोटी लढाई शंभरदा लढण्याचं कारण उरत नाही. आणि पाळीला मात्र वजन आलं. लढाईत वर एक पट्टी असते. ती हिरव्यात राहिली तर आपला वार जोरात बसतो आणि आपल्याला कमी लागतं. लाल भागात गेली की आपल्याला जास्त लागतं. पट्टी मागे खेचायची तर अमुक प्रकारची चाल करा, नाहीतर पुढचा गडी मागे घ्या आणि मागचा पुढे आणा. प्रत्येक पाळीत थांबून विचार करावाच लागतो. इतका स्वच्छ खेळ मी पाहिला नव्हता. हा लेख इथेच संपवावा अशा बेतात होतो.

तेवढ्यात ताईने, म्हणजे भाच्याच्या आईने, तो खेळायला मागितला.

ताई फोनवर 'ड्रॅगन क्वेस्ट' खेळते. मीच तिला लावून दिला होता. तिची पद्धत ठरलेली: स्वयंपाक आवरला की खेळातल्या किल्ल्याबाहेरच्या माळावर जायचं आणि स्लाइम नावाचे थेंबासारखे शत्रू मारत बसायचं. मूळ खेळात एका स्लाइममागे अनुभवाचा एक गुण मिळतो आणि दुसऱ्या लेव्हलला सात लागतात. मेलात तर अर्धं सोनं जातं, अनुभव जात नाही. हे होरीने जाणून केलं होतं. ज्यांचा हात चपळ नाही अशांनाही चिकाटीने शेवट गाठता यावा, ही त्याची इच्छा होती. मी हे सगळं वाचलेलं होतं, आणि तरी ताईचं ते मारत बसणं मी मनात 'वेळ खाणं' या खान्यात टाकलं होतं.

'चेन्ड एकोज'मध्ये एका मोठ्या लढाईपाशी ती अडकली. पट्टीचं गणित तिला नीट उमगेना. तीनदा हरली आणि तिने मला विचारलं, "आता कुठे जाऊन ताकद वाढवून येऊ?"

मी म्हटलं, तसं या खेळात नाही.

"म्हणजे मला हे आत्ता जमलं नाही तर नाहीच?"

मी म्हटलं, सेटिंगमध्ये बघू, हल्लीच्या खेळांत बहुधा शत्रू हलका करायची सोय असते. ती नको म्हणाली. शत्रूला दुबळं करून जिंकायचं आणि आपण बळकट होऊन जिंकायचं यात तिला फरक दिसत होता, आणि ती म्हणाल्यावर तो मलाही दिसला. लिंडाने जी वाट बंद केली ती माझ्यासाठी कंटाळवाणी होती, म्हणून तिला मी वेळ खाणारी म्हटलं. पण हुशारी किंवा चपळाई नसलेल्या माणसाकडे देण्यासारखं एकच असतं, वेळ, आणि तो मोजून घेणारा, त्याच्या बदल्यात दर वेळी थोडी ताकद हातात ठेवणारा खेळ लुबाडत नाही. शत्रू पाळीपुरता थांबतो याची मी भाच्यापुढे बाजू मांडत होतो. ताईला तो महिनाभर थांबायला हवा होता, आणि होरीचा शत्रू तसा थांबतो.

त्यामुळे माझा भेद मी जितका सरळ समजत होतो तितका राहिला नाही. 'चेन्ड एकोज' अजूनही मला अतिशय आवडतो. पण त्याने जुन्या घाटातली फक्त जळमटं काढली असं मी आता म्हणणार नाही. भिंतीतलं एक दारही गेलं, आणि त्या दारातून कोण ये-जा करत होतं हे मी पाहिलं नव्हतं. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मी बरोबर होतो?" नाही. तू थांबण्याला अडचण म्हणालास, मी थांबणं फार थोडं मोजलं.

काल रात्री ताईचा फोन होता. बोलता बोलता मागून ते ओळखीचं छोटं संगीत ऐकू आलं. विचारलं, कुठवर आलीस? म्हणाली, "अजून माळावरच आहे. पुलाच्या पलीकडचे फार लागतात रे. थोडं आणखी झालं की जाईन."