माळ घालणाऱ्याचा नेम

माउली, एखादे दिवशी गल्लीतली कुणी माय लेकराचा हात धरून तुमच्या दारी येईल आणि म्हणेल, "बाबा, ह्याच्या गळ्यात तुमच्या हातानं माळ घाला." घरात बाप पितो, मांस शिजते; पोर मात्र पहाटे काकड्याला येऊन बसते. अशा वेळी काय उत्तर द्यावे?

माळ म्हणजे नुसते तुळशीचे मणी नव्हेत. वर्षाच्या २४ एकादश्या, पंढरीची वारी, नित्य हरिपाठ, मद्यमांसाचा त्याग, परस्त्री मातेसमान, एवढे नेम तिच्यात ओवलेले असतात. दहा वर्षांच्या पोराच्या वतीने हा शब्द देण्याचा अधिकार आपल्याला आहे का? ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता आणि धर्ममाता तान्ह्या बाळामागे उभे राहतात. तिथेही प्रश्न हाच.

आपल्या श्रीगोंद्याकडेच पाहा. १६४५ साली 'योगसंग्राम' लिहिणाऱ्या शेख महंमद महाराजांची समाधी इथे आहे. मालोजीराजे भोसल्यांनी त्यांना गुरू केले, असे परंपरा सांगते. राजाने गुरूचा जन्म कुठल्या घरी झाला हे पाहिले नाही. याच मालोजीराजांच्या मुलांना शहाजी आणि शरीफजी ही नावे नगरच्या शाह शरीफ यांच्या आशीर्वादाची आठवण म्हणून ठेवली, असेही सांगतात. पुढे राजे इंदापूरच्या लढाईत कामी आले. मुले लहान होती. त्यांना सांभाळले चुलते विठोजीराजांनी.

आशीर्वाद एका दिवसाचा असतो, सांभाळ वर्षानुवर्षांचा. माय तुमच्याकडे आशीर्वाद मागते. पण होकार दिलात की विठोजीराजांचे काम आपोआप तुमच्याकडे येते. पोर चार दिवस काकड्याला दिसले नाही तर चौकशी करायची. वारीत त्याचा हात धरायचा. बागेला पाणी नसेल त्या वर्षी त्याच्या वह्यापुस्तकांचे काय झाले, हेही विचारायचे.

म्हणून तो शब्द पोराने दिला असे धरू नका. तो तुम्ही दिला आहे. आधी त्याच्या बापाला विचारा. पीत असला तरी बाप आहे. घरच्या ताटाविषयी पोराच्या मनात किळस पेरू नका. आपल्या ताटात काय घ्यावे एवढेच शिकवा. मोठेपणी त्याने माळ उतरवलीच, तर त्याला दार बंद करू नका. त्याचा नेम सुटला म्हणून तुमचा सुटत नाही.

एवढे झेपत नसेल तर हात जोडून नाही म्हणा. त्यात पाप नाही. मानासाठी हो म्हणून दुसऱ्या दिवशी पोराला विसरणे, हे मात्र पाप आहे. आणि झेपत असेल तर येत्या एकादशीला माळ ज्ञानेश्वरीवर ठेवा, पोराला जवळ बोलवा. त्याच्या गळ्यात घालताना आपल्या गळ्यातली एकदा चाचपून पाहा.