हाकेतला ‘ह’

ओहोटी लागली की रेवदंड्याच्या काळसर वाळूवर येऊन बसा. खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर दिसेल. घाई करू नका. नाकानं सावकाश श्वास घ्या. वाऱ्यावर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतोय का, बघा. आला तर तो क्षणभर धरून ठेवा. याच वासाकडे आपल्याला परत यायचं आहे.

आता ओठांतल्या ओठांत म्हणा: क, च, ट, त, प. शाळेत घोकलेली ही अक्षरं म्हणजे तोंडाचा नकाशाच आहे. ‘क’ला जिभेचा मागचा भाग मऊ टाळ्याला टेकतो, ‘च’ला ती टाळूला भिडते, ‘ट’ला शेंडा मागे वळतो, ‘त’ला दातांशी येतो आणि ‘प’ला ओठ मिटतात. घशापासून ओठांपर्यंतची ही वाट पुन्हा एकदा चाला. या वेळी प्रत्येक ठिकाणी थोडं थांबा.

काहींची ही वाट मधेच मोडते. कर्करोगासाठी जिभेचा एक भाग काढतात, हाताची किंवा मांडीची कातडी लावून तिथली जागा भरतात. पण भरलेल्या जागेला जिभेची चपळाई येत नाही. ‘त’, ‘ल’, ‘र’, ‘ळ’ आपलं टेकायचं ठिकाण शोधत राहतात. टाळूचा भाग काढला तर हवा नाकात निसटते आणि ‘बाबा’चं ‘मामा’ ऐकू येतं. किरणोपचारांनी लाळ आटते. मग चार वाक्यं झाली की बाटलीतल्या पाण्याचा घोट घ्यावा लागतो.

आता गळ्यावर दोन बोटं ठेवा. ‘सऽऽ’ म्हणा, मग ‘मऽऽ’. दुसऱ्या वेळी बोटांखाली थरथर जाणवली ना? ती स्वरयंत्राची. ते यंत्रच पूर्ण काढावं लागलं, तर गळ्याच्या तळाशी कायमचं छिद्र ठेवतात आणि श्वास तिथूनच चालतो. छातीतली हवा तोंडापर्यंत येतच नाही. चहावर फुंकर घालता येत नाही. मघाचा बोंबलांचा वास जवळजवळ नाहीसा होतो. आणि समुद्रात गळ्याइतक्या पाण्यात उतरायचं नाही, कारण पाणी थेट फुप्फुसात जाईल. ज्याचा जन्म होडीवर गेला त्या तांडेलाला डॉक्टर हे सांगतात, तेव्हा त्याच्या मनात काय होत असेल? इथे थोडं थांबा.

‘ह’ही जातो. त्याला ना जीभ लागते, ना दात, ना ओठ. लागते ती स्वरयंत्रातून येणारी छातीतली हवा. हाक, हुंकार, होडी ओढतानाचा ‘हैया हो’, सगळं त्या हवेवर चालतं. एकदा नुसता ‘ह’ सोडून बघा. तळहातावर ऊब लागेल.

आवाज परत येतो, पण वेगळा होऊन. काहीजण अन्ननलिकेत हवा घेऊन ती ढेकरेसारखी सोडत शब्द घडवतात. काहीजण गळ्याला यंत्र लावतात, त्याचा सूर एकसारखा. 1980 च्या सुमारास अमेरिकेत ब्लोम आणि सिंगर यांनी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसणारी छोटी झडप आणली. बोलताना अंगठ्यानं गळ्याचं छिद्र झाकायचं, की छातीतली हवा झडपेतून वर जाते आणि जाडसर, खरखरीत आवाज उमटतो. परदेशातून येणाऱ्या झडपेला हजारो रुपये पडतात. म्हणून बेंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी पन्नासेक रुपयांत होणारी झडप घडवली, याचं मला फार मोल वाटतं. रेवसची लाँच धरून भाऊच्या धक्क्याला उतरणारा आणि तिथून परळचं टाटा रुग्णालय गाठणारा पेशंट खिसा चाचपतच निघालेला असतो.

याच किनाऱ्यावर श्रीवर्धनच्या वाड्या आहेत, तिथली रोठा सुपारी नावाजलेली. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीही कर्करोग घडवते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेनं 2004 च्या अहवालात नोंदवलं आहे. वाडीवर ज्यांची चूल पेटते त्यांच्यासमोर हे बोलताना जीव कचरतो, पण गप्प बसता येत नाही.

त्याच साली शरद पवारांना तोंडाच्या कर्करोगाचं निदान झालं. सुपारीच्या सवयीची खंत त्यांनी जाहीरपणे सांगितली आहे. उपचारांनंतर त्यांचे शब्द पूर्वीसारखे सुटे राहिले नाहीत. तरी 18 ऑक्टोबर 2019 ला साताऱ्यात ते भर पावसात बोलत होते आणि माणसं भिजत ऐकत होती. राजकारण बाजूला ठेवा, फक्त ते ऐकणं डोळ्यांसमोर आणा. एवढा कान घरातल्या माणसाला मिळतो का?

आता असं एक माणूस मनात आणा. काका असतील, आजी असेल, शेजारचे नाखवा असतील. ते ओटीवर बसलेत, गळ्याला पांढरं सुती फडकं आहे. त्यांना काहीतरी सांगायचंय. हात वर जातो, अंगठा फडक्यावर टेकतो, दोन शब्द येतात. अंगठा उचलतात, श्वास घेतात. पुढचा शब्द तुमच्या ओठांवर तयार आहे. तो तिथेच राहू द्या. त्यांच्या तोंडाकडे टक लावू नका, डोळ्यांत बघा.

अंगठा पुन्हा वर जातोय.