आजाऱ्याची वाटी

पावसाळा लागला की घरोघरी नाकं गळायला लागतात, आणि त्याच सुमाराला एक वाक्य हमखास कानावर पडतं: "सूप म्हणजे काय हो, चवदार गरम पाणीच की. नुसतं गरम पाणी प्यायलं तरी तेवढंच." म्हणणारा बहुधा शिकलेला असतो, काढ्या-लेपांच्या भूलथापांना विटलेला असतो, आणि त्याच्या विटण्याला कारणही आहे. २०२० साली करोनाच्या साथीत घरोघर काढ्यांची पातेली चढली, आणि तेव्हापासून हळदीच्या दुधापासून टोमॅटो सुपाच्या पाकिटापर्यंत दिसेल त्या वस्तूवर 'इम्युनिटी' हा शब्द छापला जातो. त्या शब्दाला कंटाळलेला माणूस रागाच्या भरात सगळ्याच वाट्या पालथ्या घालतो. तरीही त्याचं वाक्य मनात खटकत राहतं, कारण त्यात खरं आणि खोटं असं गुंतलेलं आहे की दोन्ही सोडवून वेगळं केल्याशिवाय चैन पडत नाही. इथे 'सूप' हा शब्द सोयीपुरता घेतला आहे. मुगाचं कढण, आमसुलाचं सार, हुलग्याचं माडगं, तांदळाची पेज, मटणाचं अळणी पाणी, ज्या घरात जे होतं ते सगळं त्यात आलं.

सर्दी विषाणूंमुळे होते, प्रतिजैविकांचा तिच्यावर उपयोग नसतो आणि ती आठवडाभराने आपली आपण जाते, हे सगळ्यांना पाठ आहे. फ्लू हा निराळा आणि जास्त गंभीर आजार आहे. दम लागला, ताप उतरेना, किंवा आजारी माणूस म्हातारं असेल, गरोदर असेल, तान्हं असेल, तर वाटी बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचा, यातही दुमत नको. प्रश्न आहे तो साध्या सर्दी-तापातल्या पाच-सात दिवसांचा. 'नुसतं गरम पाणी' ही तुलना प्रत्यक्ष मोजून पाहिली गेली आहे. १९७८ साली अमेरिकेतल्या मायामी बीच इथल्या डॉक्टरांनी १५ निरोगी माणसांना थंड पाणी, गरम पाणी आणि कोंबडीचं गरम सूप प्यायला दिलं आणि नाकातला शेंबूड किती वेगाने पुढे सरकतो ते मोजलं. गरम पाण्याच्या घोटांनी हा वेग मिनिटाला ६.२ मिलिमीटरवरून ८.४ वर गेला, सुपाने ६.९ वरून ९.२ वर. थंड पाण्याने तो उलट ७.३ वरून ४.५ पर्यंत घसरला. पाण्याने झालेली वाढ २.२, सुपाने झालेली २.३. शिवाय अर्ध्या तासात गरम पाण्याचा आणि सुपाचा, दोन्हींचा परिणाम ओसरला. हे आकडे सुपाची बाजू मांडताना अनेकदा पुढे केले जातात, पण सरळ वाचले तर ते त्या शंकेखोर माणसाच्या बाजूने बोलतात. नाक मोकळं होण्यापुरतं बोलायचं तर त्याचं म्हणणं बरोबर आहे.

दुसरा पुरावा याहून प्रसिद्ध आहे आणि त्याचा अर्थ याहून उलटा लावला जातो. नेब्रास्का विद्यापीठातले फुप्फुसांचे डॉक्टर स्टीफन रेनार्ड यांनी २००० साली, पत्नीच्या लिथुआनियन आजीच्या कृतीने केलेलं कोंबडी-भाज्यांचं सूप प्रयोगशाळेत तपासलं. सुपाच्या सान्निध्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची धाव मंदावते, आणि सूप जितकं तीव्र तितकी जास्त मंदावते, असं त्यांना दिसलं. हे सगळं काचेच्या भांड्यात घडलं. सर्दी झालेल्या कोणाला सूप पाजून पाहिलेलं नव्हतं. पण क्षणभर धरून चालू की शरीरातही असंच घडतं. मग त्याचा अर्थ काय होतो? घसा सुजणं, नाक चोंदणं, अंग मोडून येणं यांतलं पुष्कळसं विषाणू स्वतः करत नाही, विषाणूशी लढणारं आपलंच शरीर करतं. सूप या पेशींना आवरत असेल, तर ते प्रतिकाराची धार थोडी बोथट करतं आणि म्हणून बरं वाटतं. पाकिटावर 'प्रतिकारशक्ती वाढवते' असं छापणाऱ्याने हा प्रयोग नीट वाचला तर त्याला तो शब्द पुसावा लागेल. सुपाला औषध म्हणून उभं केलं की ते असं दोन्हीकडून पडतं. गरम पाण्याशी ते जेमतेम बरोबरी करतं, आणि जी शक्ती वाढवायचं ते कबूल करतं ती ते वाढवत असल्याचं कुठे दिसत नाही.

पण मुळात सुपाला औषधाच्या पंगतीत बसवलं कोणी? आपल्या भाषेत औषध आणि पथ्य हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्या दोहोंतलं अंतर आपण विसरत चाललो आहोत. पथ्य म्हटलं की आता दही नको, आंबट नको, तळलेलं नको अशी नकारांची यादी आठवते. मूळ शब्दात नकार नाही. जे पथाला, म्हणजे शरीराच्या वाटेला सोडून नाही, मनाला आणि अंगाला मानवतं, ते पथ्य. औषध रोगाला धरून असतं, पथ्य रोग्याला. चरकसंहितेत शोधन, म्हणजे शरीरशुद्धीचे उपचार, झालेल्या माणसाला जेवणावर परत आणण्याचा जो क्रम दिला आहे तो या दृष्टीने बघण्यासारखा आहे: आधी पातळ पेया, मग दाट विलेपी, मग तेला-मसाल्याविना कडधान्याचं यूष, मग फोडणी दिलेलं यूष, आणि शेवटी मांसरस. कुठल्या पायरीने कुठला रोग मरतो, याला त्या शिडीत महत्त्व नाही. मंदावलेल्या भुकेला आज काय झेपेल आणि उद्या काय झेपेल, एवढाच तिचा विचार आहे. आजाऱ्याचं बरं-वाईट या अंगाने मोजलं की आकडेही वेगळं बोलतात. कार्डिफमधल्या संशोधकांनी २००८ साली सर्दी झालेल्या ३० जणांवर फळांचं एकच सरबत गरम आणि खोलीतल्या तपमानाचं अशा दोन तऱ्हांनी देऊन पाहिलं. नाकातून वाहणारी हवा मोजली तर गरम सरबताने तीत काही सुधारणा दिसली नाही. पण माणसांना विचारलं, तेव्हा गरम प्याल्यावर घसा, हुडहुडी आणि थकवा यांना तत्काळ आराम पडल्याचं त्यांनी सांगितलं. खोलीतल्या तपमानाच्या सरबताने या तिन्हींना उतार पडला नव्हता. यंत्राला न दिसलेला आराम खोटा मानायचं कारण नाही. साध्या सर्दीत माणूस मागत असतो तो आरामच.

चवीचा मुद्दा इथे आला पाहिजे, आणि तो सविस्तर सांगण्याजोगा आहे. 'चवदार गरम पाणी' म्हणताना तो शंकेखोर माणूस चवीला वरवरची सजावट समजतो. नाक चोंदलं की जेवण मातीसारखं लागतं, कारण ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग वास असतो, आणि तो घास चघळताना घशामागून नाकात चढतो. ती वाट बंद झाली की जिभेकडे उरतात आंबट, खारट, गोड, कडू आणि मांसाच्या रश्शात किंवा टोमॅटोत असते ती दाट, रुचकर चव. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रश्शातून या शेवटच्या चवीचं मूळ शोधून काढलं आणि तिला उमामी म्हटलं. याशिवाय मिरी-मिरचीचा तिखटपणा. तो मुळात चवच नाही, ती जळजळ आहे, चेहऱ्याच्या वेगळ्या मज्जातंतूतून कळते, म्हणून चोंदलेल्या नाकालाही चुकत नाही. आता आमसुलाचं सार डोळ्यांसमोर आणा. आमसुलाचा आंबटपणा, गुळाचा खडा, मीठ, आणि वरून भरडलेली मिरी. चोंदलेल्या नाकाच्या माणसाला जे जे अजून कळू शकतं त्यातलं बहुतेक नेमकं त्या वाटीत घातलेलं असतं. टोमॅटोचं सार केलं तर उमामीही येते. हे सार ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवलं त्यांना मज्जातंतूंची नावं ठाऊक नव्हती; आजारी माणूस कुठली वाटी अर्धी ठेवतो आणि कुठली संपवतो, हे मात्र त्यांनी नीट पाहिलेलं होतं. आणि वाटी संपणं ही लहान गोष्ट नाही. तापात पाणी जातं, भूक जाते, आणि 'भरपूर पाणी प्या' असं शंभरदा सांगूनही पाणी पोटात जात नाही. चव असली की जातं.

यावर एक खरा आक्षेप आहे, आणि तो जुना आहे. पोटात गेलं, पण त्यात होतं काय? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात त्या काळी रुग्णांना सर्रास पाजल्या जाणाऱ्या मांसाच्या पातळ अर्काचा समाचार घेतला आहे. तो आटवून बघा, चमचाभर ऐवजही जेमतेम उरतो, असं त्यांनी दाखवून दिलं. रुग्णाला त्याने हुशारी येते हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. त्याच्या बरीच वर्षं आधी, १८४१ साली, फ्रान्सच्या विज्ञान अकादमीच्या समितीने, हाडं उकळून काढलेल्या जिलेटिनवर गरिबांची पोटं भरता येणार नाहीत, असा निष्कर्ष काढला होता. गाळलेलं, नितळ, काचेसारखं सूप दिसायला सुंदर असतं, पण त्यावर चार दिवस काढणारा माणूस तापाने नव्हे तर उपासाने गळून जातो. म्हणूनच आजाऱ्याचं सूप पोटभरीचं हवं. गाळ टाकायचा नाही, शिजलेलं धान्य त्याच पाण्यात घोटायचं.

माडगं हे त्याचं उत्तम उदाहरण. देशावर हुलगे आणि कोकणात कुळीथ म्हणतात त्या कडधान्यात शंभर ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. ते खमंग भाजून दळून ठेवायचं. करताना दोन-तीन चमचे पीठ आधी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचं, उकळत्या पाण्यात धार धरून सोडायचं आणि पळी थांबू द्यायची नाही. सुरुवातीला फेस वर चढतो, वास कच्चा, मातकट असतो. मंद आचेवर थोड्या वेळाने तो मातकटपणा जाऊन भाजल्याचा वास वर येतो, रंग गडद होतो, आणि पळीच्या पाठीवर थर धरायला लागतो. मग कोणी गूळ-सुंठ घालतं, कोणी लसूण, जिरं नि मीठ. पिताना ते पाणी असतं, पोटात गेल्यावर जेवण होतं.

इथवर आल्यावर घरचं सूप आणि पाकिटातलं सूप यांच्यामध्ये ठळक रेघ ओढायची, असा या लेखाचा बेत होता. पाकिटात मीठ फार, धान्य थोडं, आणि रक्तदाबाच्या माणसाला ते बरं नव्हे. हे सगळं खरं आहे. पण 'घरचं' या शब्दाजवळ जरा थांबलं की त्यामागे उभी असलेली व्यक्ती दिसायला लागते. फ्लू घरात शिरला की एकावर थांबत नाही. सगळ्यांना आलटून पालटून कढण करून देणारी बाई शेवटी स्वतः आडवी होते, तेव्हा तिच्या उशाशी बहुतेक घरांत चहा आणि बिस्किटं येतात. नोकरी-शिक्षणासाठी पुण्या-मुंबईत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलामुलींना 'घरचं सूप घ्या' हा सल्ला तर क्रूरच आहे. ज्याला सुपाची गरज आहे तोच ते करायला सगळ्यांत असमर्थ आहे, ही या वाटीची मूळ अडचण आहे, आणि घरच्याचं गुणगान करणारे तिच्याविषयी बोलत नाहीत. सूप विकत घेण्यातही काही हलकं नाही. 'रेस्टॉरंट' हा शब्द अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये आधी एका रश्शाचं नाव होता, अशक्त माणसाला उभारी देणाऱ्या रश्शाचं. तो मिळण्याच्या ठिकाणाला ते नाव नंतर पडलं. रेस्टॉरंटात जाऊन लोक पहिल्यांदा जे मागायला लागले, ते आजाऱ्याचं अन्न होतं.

मग रेघ ओढायची ती कुठे? सूप घरात झालं की कारखान्यात, यापेक्षा त्यातले कष्ट कधी उपसले गेले, हे बघायला हवं. ते धडधाकट असताना उपसले की ताप अंगावर घेऊन? आणि असं पाहिलं की हुलग्याचं भाजलेलं पीठ हे आपलं जुनं, उत्तम पाकीटच आहे, हे मान्य करावं लागतं. भाजणं, भरडणं, दळणं ही सगळी मेहनत आधी होऊन गेलेली असते; आजाराच्या दिवशी उरतं ते फक्त पाणी उकळणं आणि ढवळणं. महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो आणि थंडी सरता सरता पुन्हा वाढतो. कुळथाची पिठी, मेतकूट, भाजण्या यांची बेगमी उन्हाळ्यात होते, म्हणजे पहिल्या साथीच्या बरोबर आधी. बेगमी करणाऱ्यांच्या मनात फ्लू नसेल, पाऊस आणि ओलं सरपण असेल, पण अडचण तीच होती: ज्या दिवशी चूल पेटवणं जड जाईल, त्या दिवसासाठी आधीच काहीतरी करून ठेवणं.

म्हणून घरगुती सुपाची कृती लिहायची तर ती मे महिन्यापासून लिहायला हवी. किलोभर हुलगे निवडून भाजण्याचं काम हातांच्या एकाच जोडीवर न टाकता घरातल्या सगळ्यांनी एका दुपारी करावं. दळून आणलेलं पीठ कोरड्या डब्यात भरावं, निम्मं शहरात एकट्या राहणाऱ्या मुलाकडे द्यावं. आणि डब्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवावी: तीन चमचे पीठ, आधी गार पाण्यात कालवणे, मग तीन वाट्या उकळत्या पाण्यात सोडणे, ढवळत राहणे. म्हणजे जुलैत घरातली सगळी मोठी माणसं एकाच वेळी अंथरुणाला खिळली, तरी बारा वर्षांचं मूल ती चिठ्ठी वाचून आईला वाटी नेऊन देऊ शकेल.