संकल्प आणि मुखपृष्ठ

नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काशीत बांधलेल्या भोसले घाटावर, लक्ष्मीनारायणाच्या मंदिराखालच्या पायऱ्यांवर, एखादा मराठी यजमान पितृकार्यास बसला की तीर्थपुरोहित त्याच्या हाती दर्भ, तीळ व पाणी देऊन प्रथम संकल्प सोडवतात. आणि त्या एका दमात देश, काल, गोत्र, नाव व कर्माचे प्रयोजन ही कलमे अशी बिनचूक येतात की सरकारी दस्तऐवजाच्या मथळ्यानेही मान खाली घालावी. (आपला भाद्रपदातला पितृपक्ष काशीच्या पौर्णिमान्त पंचांगात आश्विनाचा कृष्णपक्ष ठरतो, तेव्हा महिना कोणाचा उच्चारायचा, हे आधी ठरवून घ्यावे लागते.)

प्रश्नपत्रिकेचे मुखपृष्ठ मला असाच एक संकल्प वाटते. डोनाल्ड नूथ यांच्या ‘टेक’वर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात उभारलेल्या ‘लाटेक’ या अक्षरजुळणीच्या प्रणालीत परीक्षेसाठी निराळा आराखडाच उपलब्ध आहे. संस्था, विषय, तारीख, वेळ आणि परीक्षार्थ्याच्या तपशिलाची रेघ त्यात जागच्या जागी बसते. एकूण गुण मात्र पहिल्या फेरीत उमटत नाहीत. तेथे दोन प्रश्नचिन्हे दिसतात, कारण शेवटच्या प्रश्नापर्यंत जाऊन बेरीज एका साहाय्यक फाइलीत नोंदवल्यावाचून यंत्राला तो आकडा ठाऊक नसतो, आणि दुसऱ्या फेरीत ती नोंद वाचूनच तो आरंभी छापला जातो. फळ आधी उच्चारून मग कर्मास लागणाऱ्या यजमानापेक्षा यंत्र या बाबतीत अधिक सावध म्हटले पाहिजे.

खरा भेद नावापाशी आहे. संकल्पात नाव-गोत्र गाळून चालत नाही. ऋत्विज कितीही राबले तरी फळ यजमानाचे, हा मीमांसकांचा दंडक. मुखपृष्ठावर मात्र नावाची रेघ काढून टाकून आपण बैठक क्रमांकाचा चौकोन आखतो, कारण इसम कळला की परीक्षकाचा हात सैल पडेल किंवा आखडेल, ही आपली रास्त धास्ती. म्हणजे मनुष्याची न्यायबुद्धी अज्ञानाच्या आश्रयाने उभी राहते. ईश्वराला ही सवलत नाही. कोणती उत्तरपत्रिका कोणाची हे ज्याला पूर्ण ठाऊक, तो निःपक्षपाती कसा? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात बादरायणांनी याचे उत्तर दिले आहे की ईश्वर जीवाच्या कर्मास अनुसरून फळ देतो, सबब वैषम्याचा वा निर्दयतेचा दोष त्याच्याकडे जात नाही. मग आरंभी, कर्मच नसताना, पहिला भेद कोणी केला? तर संसार अनादि आहे. आणि येथे शंकराचार्य बीजांकुराचा दृष्टान्त देतात. तर्काच्या दृष्टीने हे उत्तर चिरेबंदी खरे, पण माझे समाधान त्याने होत नाही. कारण ज्या दफ्तराला पहिले पानच नाही, त्यातील परीक्षार्थ्याला आपला क्रमांक कोणत्या नोंदीवरून पडला हे विचारण्याची सोय उरत नाही, आणि आमच्या परीक्षा-विभागात निकालानंतर निदान तेवढा अर्ज तरी करता येतो.