दोन वाजताची नोंद

आमच्याकडे चोर फिरकत नाहीत. रात्री दोन वाजता आमच्या घरात दिवा असतो, भांड्यांचा आवाज असतो आणि "धरा, धरा, खांदा धरा" असा पुकारा चाललेला असतो. ही अण्णांची कूस बदलण्याची वेळ.

अण्णा म्हणजे माझे वडील. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणंही गेलं. समजतं मात्र सगळं. इस्पितळाने त्यांना नाकातली नळी, लघवीची पिशवी आणि सूचनांचा एक कागद यांच्यासह आमच्या हवाली केलं.

मी हाडाचा कारकून. पहिल्याच दिवशी वही घातली आणि रकाने पाडले. दर दोन तासांनी कूस. नाहीतर माकडहाडावर जखम होते, आणि एअर बेड आणला म्हणून यातून सुटका नाही. पेज देताना डोकं उंच, नंतरही बराच वेळ आडवं करायचं नाही, नाहीतर ती फुफ्फुसात जाण्याची धास्ती. पिशवी नेहमी कमरेच्या खाली. संध्याकाळी ताळेबंद: जमा १,८०० मिलि, नावे १,३५०. फरक ४५०! मी दोनदा बेरीज केली. नर्सबाई म्हणाल्या, "अहो, घामातून, श्वासातून जातंच की पाणी." बँकेत याला आम्ही सस्पेन्स खातं म्हणतो.

भेटायला येणारे म्हणतात, "फार पुण्य जोडताय हो!" आणि म्हणताना बघतात माझ्याकडे. पेज गाळणारी, नळी धुणारी सौ. तेव्हा त्यांच्यासाठी चहा टाकत असते. पुंडलिकाचंही तेच. दारात पांडुरंग उभा, हा आईवडिलांच्या सेवेत, म्हणून वीट भिरकावून देवाला थांबवलं. त्या वेळी पुंडलिकाची बायको कुठे होती, हे मला अजून एकाही कीर्तनकाराने सांगितलेलं नाही. चादर बदलत असणार.

एकदा मी सौ.ला विचारलं, "अगं, आपण हे प्रेमाने करतो की कर्तव्य म्हणून?"

"आधी पाय धरा," ती म्हणाली.

कर्तव्याचं एक बरं असतं, ते कायद्यात बसतं. आईवडिलांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला, तेव्हा त्यात निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये घातली होती. रात्री दोनला उठण्याचं कलम मात्र मला त्यात सापडलं नाही.

आणि मग ती मार्चमधली रात्र. बँकेत वर्षअखेर, घरी सौ. तापाने फणफणलेली. बाराला अण्णांना पाठीवर ठेवलं, दोनचा गजर लावला. गजर झाला असणार. मी तो बंद केला असणार. जाग आली तेव्हा पाच वाजले होते. धडपडत उठलो, अण्णांना कुशीवर केलं, आणि वहीत लिहिलं: '२.०० डावी. ४.०० उजवी.' बावीस वर्षांच्या नोकरीत मी एक खोटी नोंद केलेली नाही. ही पहिली, तीही वडिलांच्या खात्यावर.

सकाळी माकडहाडावर लाल चट्टा. बोटाने दाबून पाहायचं असतं. पांढरा पडला तर ठीक, लालच राहिला तर जखमेची सुरुवात. दाबलं. क्षणभर पांढरा झाला. माझा जीव भांड्यात पडला.

"दोनला फिरवलं होतंत ना?" सौ.ने विचारलं.

"हो."

अण्णा माझ्याकडे पाहत होते. त्या खोलीत खरं माहीत असलेला दुसरा माणूस तोच, आणि त्यालाच बोलता येत नव्हतं. हे ध्यानात ठेवूनच मी "हो" म्हणालो की काय, हे मला आजही नीट सांगता येत नाही. वडिलांवर माझं प्रेम आहे. पण त्या रात्री दोन वाजता ते माझ्याबरोबरच घोरत होतं.

तीन दिवसांनी सौ.ला सांगून टाकलं.

"कळलं होतं मला," ती म्हणाली. "एरवी दोनचं अक्षर मुंग्या चालल्यासारखं असतं. त्या दिवशी अगदी सुवाच्य होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर त्या रात्रीपासून मलाच उठावं लागलं असतं. अंगात ताप होता हो."

मी ती नोंद लाल शाईने खोडली, बाजूला आद्याक्षरं केली आणि तपासणाऱ्याची सही म्हणून वही तिच्यापुढे धरली. "माझी कशाला? अण्णांना दाखवा," म्हणाली.

अण्णांसमोर वही धरून सगळं वाचून दाखवलं. शेवटी आवाज जरा चिरकला. अण्णांनी डावा हात हळूहळू वर उचलला. मला वाटलं, डोक्यावर ठेवणार. मी वाकलोसुद्धा.

ते भिंतीवरचं घड्याळ दाखवत होते. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.