प्रहार, संकेत आणि ‘मी’चा लोप

युद्धविद्या आणि नाट्य यांचे नाते भारतीय विचाराला नवे नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने नाट्याच्या चार वृत्तींचा, म्हणजे प्रयोगातील वाणी, मन आणि देह यांच्या व्यापारपद्धतींचा, उगमच विष्णूने मधु आणि कैटभ या दैत्यांशी केलेल्या युद्धात सांगितला आहे; त्या युद्धात विष्णूने ज्या लीलेने केस बांधले तिच्यातून शृंगाराला पोषक अशी कैशिकी वृत्ती जन्मली, असे तो ग्रंथ म्हणतो. मात्र रंगमंचावर शस्त्र चालवण्याचे ‘न्याय’, म्हणजे नियम, सांगताना हाच ग्रंथ एक मर्यादाही घालतो: प्रहार केवळ संकेताने दाखवावा, प्रत्यक्ष छेद करू नये आणि रक्त सांडू नये. उगम युद्धात असला तरी नाट्याचा धर्म युद्धाहून वेगळा आहे, ही जाणीव या मर्यादेमागे आहे. एकच साधक हे दोन्ही धर्म एकाच देहाने आणि उपजीविकेसाठी पाळू लागला, तर त्याच्या साधनेचे काय होते, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

विसाव्या शतकात हा प्रश्न ब्रूस ली याच्या आयुष्यात जितक्या तीव्रतेने उभा राहिला तितका क्वचितच कोठे राहिला असेल. कँटनी संगीत नाटकातील नटाच्या पोटी १९४० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला ली हाँगकाँगच्या चित्रपटांत बालनट म्हणून वावरला, तेथेच इप मॅन यांच्याकडे विंग चुन ही युद्धपद्धती शिकला आणि पुढे सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात शिकत असताना तत्त्वज्ञानाकडे ओढला गेला. १९६७ मध्ये त्याने आपल्या पद्धतीला ‘जीत कुन डो’ हे नाव दिले. प्रतिस्पर्ध्याचा प्रहार वाटेतच अडवणाऱ्या मुठीचा मार्ग, असा त्याचा अर्थ होतो. या मार्गाचे सारे बळ काटकसरीत आहे: हालचाल लहान असावी, हेतू आधी कळू नये, आणि लाथ उंच न मारता गुडघ्यावर किंवा नडगीवर मारावी. कॅमेऱ्याची मागणी याच्या नेमकी उलट असते. ‘द ग्रीन हॉर्नेट’ या दूरचित्रवाणी मालिकेत त्याचे हात इतके वेगवान होते की, ते पडद्यावर दिसावेत म्हणून त्याला गती कमी करावी लागली. चित्रपटांत उंच आणि डौलदार लाथा आल्या, कारण प्रेक्षकाला हेतूही दिसायला हवा आणि प्रहारही. युद्धात हेतू लपवणे हे कौशल्य, तर अभिनयात तो प्रकट करणे हे कौशल्य.

तरीही या विरोधामुळे लीची साधना भ्रष्ट झाली असे म्हणता येत नाही. नाट्यशास्त्राच्या कसोटीने पाहिले तर पडद्यावरची उंच लाथ हा संकेत आहे, आणि संकेताला प्रहाराच्या मापाने मोजणे हीच चूक ठरते. खरा पेच अधिक खोल आहे. लीने ज्या दाओवादी विचाराचा आधार घेतला, त्यात ‘वू वेइ’, म्हणजे ओढूनताणून काहीही न करता घडू देणे, हे तत्त्व मध्यवर्ती आहे. प्रहार करणारा ‘मी’ उरत नाही, तेव्हाच प्रहार अचूक होतो, असे ही दृष्टी मानते. ‘एंटर द ड्रॅगन’च्या आरंभी वृद्ध गुरूशी होणाऱ्या संवादात त्याने हाच विचार मांडला होता, पण १९७३ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या प्रतीतून तो प्रसंग वगळला गेला आणि पुष्कळ वर्षांनी परत जोडला गेला. नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त याच्या मते रसाचा आस्वाद सहृदय प्रेक्षक घेतो आणि नट हे केवळ त्याचे साधन असते. म्हणजे अभिनयाच्या तत्त्वातही नटाचा ‘मी’ बाजूलाच राहतो. पण व्यावसायिक चित्रपट विकला जातो तो मात्र नटाच्या चेहऱ्यावर, नावावर आणि देहावर. ‘मी’चा लोप शिकवणारी विद्या ‘मी’च्याच प्रतिमेवर जगू लागते, ही अडचण कोणत्याही तंत्राने सुटणारी नाही.

ब्रूस लीला ही अडचण जाणवत असावी, असे मानायला आधार आहे. १९७० मध्ये पाठीच्या दुखापतीने अंथरुणावर असताना त्याने जे. कृष्णमूर्तींचे विचार आस्थेने वाचले. सत्याकडे नेणारा ठरीव मार्ग नाही, असे सांगत कृष्णमूर्तींनी १९२९ मध्ये हॉलंडमधील ओमेन येथे ‘ऑर्डर ऑफ द स्टार’ ही स्वतःभोवती उभी राहिलेली संस्था विसर्जित केली होती. लीनेही १९७० च्या सुमारास आपल्या शाळा बंद केल्या, कारण शिष्य पद्धतीलाच सत्य समजतील, अशी धास्ती त्याला वाटत होती. हे धैर्य मोठे होते, आणि त्याच्या पडद्यावरील कोणत्याही पराक्रमाहून ते अधिक आदरास पात्र आहे. परंतु संस्था विसर्जित करता येते, तशी प्रतिमा करता येत नाही. २० जुलै १९७३ रोजी त्याचा मृत्यू झाला. १९७८ मध्ये ‘गेम ऑफ डेथ’ पूर्ण करताना निर्मात्यांनी त्याच्यासारखे दिसणारे दुसरे नट उभे केले आणि त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेची दृश्येही कथानकात वापरली, म्हणजे ज्या ‘मी’चा लोप त्याने साधनेत शोधला होता, तो बाजाराने त्याच्या मृत्यूनंतरही होऊ दिला नाही.