फितीचा रंग

1914 सालचे दुसऱ्या वर्गाचे दोन आयर्न क्रॉस शेजारी शेजारी ठेवले, तर धातूवरून त्यांच्यात डावं-उजवं करता येत नाही. तेच काळं ओतीव लोखंड, भोवती तीच चांदीची दातेरी कड, वरच्या बाहूवर मुकुट, मधोमध कैसर विल्हेल्मच्या नावातलं पहिलं अक्षर, खाली साल. फरक फितीत. काळी फीत आणि कडांना पांढऱ्या पट्ट्या, म्हणजे हा माणूस लढला. पांढरी फीत आणि कडांना काळ्या पट्ट्या, म्हणजे हा लढाईबाहेरचा. युद्धाला हातभार लावला म्हणून गौरवलेला. सगळी हकिकत त्या बोटभर कापडात, आणि ते कापड बदलायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

जर्मन लष्करी पदकं जमवणाऱ्यांचा खरा वैताग इथे सुरू होतो. पुरावा म्हणून जे सगळ्यात महत्त्वाचं, तेच सगळ्यात कच्चं. लोखंड गंजतं पण टिकतं. फीत मात्र विरते, कसर खाते, तिचे रंग उडतात. मग नातवंडं तिच्या जागी पेटीत सापडेल ती दुसरी ओवतात, किंवा विक्रेता जास्त पैसे मिळवून देईल ती. त्यामुळे जाणते लोक आधी फितीकडे बघतात. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरतात. आजच्या कापडात आणि दोऱ्यात उजळपणासाठी रसायनं असतात, ती निळसर-पांढरी चमकतात. शंभर वर्षांपूर्वीचं कापड मुकाट राहतं. यातही मेख आहेच. कुणा आजीने साठच्या दशकात ती फीत साबणाच्या पावडरीत धुतली असेल, तर अस्सल फीतही चमकते. दुसरी परीक्षा टोकाच्या सुटलेल्या धाग्याची: तो जाळला आणि त्याची राख झाली तर कापूस, रेशीम किंवा रेयॉन, वितळून कडक मणी झाला तर नायलॉन-पॉलिएस्टर, म्हणजे नंतरचा माल. क्रॉसला लोहचुंबक लावून बघणारेही पुष्कळ, पण काही अस्सल क्रॉसचा गाभाच पितळेचा किंवा जस्ताचा असतो, तिथे चुंबक फसवतो.

एवढा खटाटोप करून काय कळतं? वस्तू अस्सल आहे, इतकंच. माझं म्हणणं असं की या छंदात अस्सल-नकलीचा प्रश्न सोपा आहे. अवघड प्रश्न पुढचा: अस्सल आहे, पण कशाची साक्ष? बहुतेक संग्राहक याचं एका शब्दात उत्तर देतात, शौर्याची. मला ते पटत नाही. पदक कुणाला मिळालं यापेक्षा ते कुणी, कोणत्या अडचणीत असताना काढलं, हे त्याच्यावरून फार स्वच्छ वाचता येतं.

आयर्न क्रॉसचंच बघा. प्रशियाचा राजा फ्रीडरिख विल्हेल्म तिसरा याने 1813 साली नेपोलियनविरुद्धच्या युद्धाच्या तोंडावर तो काढला. तारीख लावली 10 मार्चची, कारण तो त्याच्या दिवंगत राणीचा, लुईझेचा, जन्मदिवस. आराखड्याला अखेरचं रूप दिलं कार्ल फ्रीडरिख शिंकेल या वास्तुकाराने. राजाची तिजोरी रिकामी होती. बायका सोन्याचे दागिने देऊन त्या बदल्यात लोखंडाचे घेत होत्या. अशा दिवसांत सन्मानचिन्हही लोखंडाचं करणं ही काटकसर होती आणि तेच त्याचं तेजही ठरलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शिपाई आणि सेनापती दोघांनाही एकच क्रॉस. तोवर प्रशियात असे क्रॉस अधिकाऱ्यांच्या छातीसाठीच असत. सामान्य माणसाला लढायला बोलवायचं, तर त्याच्या छातीवरही काहीतरी लावावं लागणार, हे राजाला कळलं होतं.

त्या वेळी क्रॉस मोजून दिले गेले. दुसऱ्या वर्गाचे नऊ हजारांच्या आसपास, पहिल्या वर्गाचे काही शे. शिफारस झालेल्यांची संख्या देण्याच्या संख्येहून जास्त, म्हणून चक्क प्रतीक्षा यादी होती: एखादा धारक वारला की त्याचा मान यादीतल्या पुढच्या माणसाकडे जाई. 1870 च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात संख्या चाळीस हजारांच्या पुढे गेली. आणि 1914 ते 1918 मध्ये? दुसऱ्या वर्गाचे सुमारे पन्नास लाख, पहिल्या वर्गाचे दोन लाखांहून अधिक. हे आकडे अंदाजाचे आहेत, कारण प्रशियन सैन्याचं पोट्सडामचं दफ्तर एप्रिल 1945 मधल्या बॉम्बहल्ल्यात जळालं.

नऊ हजारांवरून पन्नास लाखांवर. नोटा छापत सुटलं की रुपयाचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे; पण पदकांच्या बाबतीत मला त्या अवमूल्यनात दोष दिसत नाही, माहिती दिसते. खंदकांमध्ये चार वर्षं चिखलात बसवलेल्या लाखो माणसांना देण्याजोगं सरकारकडे दुसरं काही उरलं नव्हतं. ब्रेडमध्ये बटाट्याचं पीठ घालावं लागत होतं. लोखंडाचा तुकडा आणि फूटभर फीत मात्र देता येत होती.

जळालेल्या दफ्तराचा आणखी एक परिणाम संग्राहकाला भोगावा लागतो. आयर्न क्रॉसवर मिळवणाऱ्याचं नाव नसतं. ब्रिटिशांचं तसं नव्हतं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेल्या साताऱ्याकडच्या शिपायाचं पदक आजही एखाद्या घरातल्या ट्रंकेत सापडतं, तेव्हा त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. मिलिटरी अपशिंग्यासारख्या गावात अशा कडा वाचून घराण्यांचा इतिहास लावता येतो. जर्मन क्रॉस मुका. त्याच्याबरोबर सैनिकाचं सेवा-पुस्तक किंवा सनद असेल तरच तो बोलतो, एरवी तो पन्नास लाखांपैकी कुणाचाही.

याला एक अपवाद आहे आणि माझ्या मते या छंदातली सगळ्यात देखणी गोष्ट तीच: गणवेशावर लावायची फितींची पट्टी. माणसाला मिळालेल्या सगळ्या पदकांच्या फितींचे तुकडे ठरलेल्या मानाने शेजारी शेजारी शिवलेले असतात. कैसरच्या साम्राज्यात पंचवीस घटकराज्यं होती आणि ज्याचा त्याचा सन्मान वेगळा. प्रशियन शिपायाच्या पट्टीत आयर्न क्रॉस पुढे असतो, मग बाकीचं. बव्हेरियाचा असेल तर पांढरा, निळा आणि काळा यांची जुळणी दिसते. सॅक्सनीचा असेल तर फिकट निळा आणि पिवळा. हाम्बुर्ग, ब्रेमेन आणि ल्युबेक या तीन व्यापारी शहरांनी 1915 साली आपापले हान्झियाटिक क्रॉस काढले. तिन्हींच्या फिती लाल-पांढऱ्याच, फक्त पट्ट्यांची मांडणी निराळी. नाव नसतानाही पट्टी सांगते की हा माणूस साधारण कुठला आणि कुठे कुठे गेला होता. (याच हाम्बुर्गची जुनी रीत अशी की तिथल्या मानी माणसाने सरकारी सन्मान स्वीकारू नये. चान्सेलर हेल्मुट श्मिट यांनी तिला स्मरून जर्मन प्रजासत्ताकाचा सर्वोच्च सन्मान नाकारला. तरुणपणी दुसऱ्या महायुद्धात आयर्न क्रॉस मात्र त्यांना मिळालेला होता.)

पट्टीवरून काळही काढता येतो. पहिल्या महायुद्धाच्या जुन्या फितींच्या रांगेत 1934 च्या सन्मान-क्रॉसची फीत असेल, तर ती पट्टी 1934 नंतरच शिवलेली आहे, बाकीच्या फिती कितीही विटलेल्या असोत. आणि दोन्हींच्या मधे एक मोठी पोकळी दिसते. 1919 च्या वायमार राज्यघटनेच्या कलम 109 ने सरकारला पदकं आणि सन्मानचिन्हं द्यायला मनाईच केली होती. नागरिक सारखे, म्हणून कुणाच्या छातीवर काही नको. विचार म्हणून मला तो आजही उमदा वाटतो. पण हरलेल्या युद्धातून परतलेल्या, नोकरी नसलेल्या, हात-पाय गमावलेल्या माणसांना त्या प्रजासत्ताकाने साधी ‘तू होतास’ एवढी पावतीही दिली नाही, हेही तितकंच खरं.

ती पावती कुणी दिली, ते पुढे दिसतं. 13 जुलै 1934 रोजी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग याच्या नावाने महायुद्धाचा सन्मान-क्रॉस जाहीर झाला. प्रकार तीन. प्रत्यक्ष आघाडीवर लढलेल्यांसाठी तलवारी असलेला, इतर सैनिकांसाठी बिनतलवारीचा, आणि मेलेल्यांच्या विधवा व आई-वडिलांसाठी काळं लाखकाम केलेला. या तिसऱ्याच्या फितीत काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल. तीन आठवड्यांच्या आत हिंडेनबुर्ग वारला. सनदा वाटल्या गेल्या तेव्हा त्यांची सुरुवात होती: ‘फ्यूरर आणि चान्सेलरच्या नावाने’.

यातली खुबी अशी की हा क्रॉस आपोआप मिळत नव्हता. मागावा लागत होता. घराजवळच्या सरकारी कचेरीत किंवा पोलीस ठाण्यात अर्ज, सोबत सेवेचा पुरावा. ऐंशी लाखांहून अधिक क्रॉस दिले गेले. त्यांपैकी बासष्ट लाखांच्या आसपास तलवारीवाले. म्हणजे जर्मनीतल्या लाखो घरांतलं कुणीतरी नव्या राजवटीच्या दारात उभं राहिलं, फॉर्म भरला, आणि वीस वर्षांपूर्वीच्या आपल्या दुःखावर नव्या मालकाचा शिक्का मारून घेऊन घरी परतलं. सक्ती नाही, मारझोड नाही. लोक खुशीने गेले. मला नाझी काळातल्या कुठल्याही झळाळत्या पदकापेक्षा ही स्वस्तातली, करड्या-तांबूस धातूची वस्तू अधिक भयंकर वाटते.

अर्ज करणाऱ्यांत ज्यूही होते. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख जर्मन ज्यू सैन्यात होते, त्यांतले बारा हजार कामी आले. त्यांना, त्यांच्या विधवांना, त्यांच्या आईबापांनाही हा क्रॉस दिला गेला, त्याच सनदेसह, त्याच नावाने. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1935 मध्ये, ज्यूंचं नागरिकत्व हिरावणारे न्यूरेंबर्गचे कायदे आले. ऑगस्ट 1918 मध्ये कॉर्पोरल हिटलरला पहिल्या वर्गाचा आयर्न क्रॉस मिळाला होता, तो हूगो गुटमान या ज्यू लेफ्टनंटच्या शिफारशीने. गुटमानला पुढे देश सोडावा लागला. आणि ज्यूंच्या संहाराची आखणी करणाऱ्या 20 जानेवारी 1942 च्या वानझे बैठकीच्या इतिवृत्तात युद्धात जबर जखमी झालेल्या आणि पहिल्या वर्गाचा आयर्न क्रॉस मिळवलेल्या ज्यूंसाठी वेगळी तरतूद आहे: त्यांना टेरेझीनश्टाटच्या छावणीत पाठवावं. सवलत म्हणून.

म्हणून पहिल्या वर्गाचा आयर्न क्रॉस हाती आला की मी तरी ‘केवढा शूर असेल’ असं लगेच म्हणत नाही. तो ज्याचा होता त्याचं 1942 साली काय झालं, हे धातू सांगत नाही.

पदक शौर्यापेक्षा ते देणाऱ्याची अडचण सांगतं, ही गंमत सैनिकांना संग्राहकांपेक्षा आधी कळली होती. मे 1942 मध्ये रशियाच्या पहिल्या हिवाळ्यात टिकून राहिलेल्यांसाठी एक पदक निघालं. लाल फीत, तिच्या मध्ये पांढरी पट्टी, पांढऱ्याच्या मधोमध बारीक काळी रेघ. म्हणे रक्त, बर्फ आणि मृत. नियमांत गंभीर हिमदंश झालेलेही पात्र. शिपायांनी त्याला नाव ठेवलं ‘गोठलेल्या मांसाचं पदक’. पत्रकातल्या काव्यापेक्षा हे नाव जास्त खरं आहे आणि आज कुठल्याही सूचीत अधिकृत नावाशेजारी तेही सापडतं.

याच 1942 साली जर्मनीत सुभाषबाबूंनीही आझाद हिंदची पदकं काढली: शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद, शहीद-ए-भारत. पायाखाली स्वतःची जमीन नाही, पण पदकं आहेत. सरकार असल्याचा दावा करण्याचा तो एक मार्गच आहे. आपल्याकडे या पदकांकडे भक्तिभावाने पाहिलं जातं. ती काही जर्मनांनाही मिळाली, हे फारसं बोललं जात नाही.

भारतीय संग्राहकाबद्दल एक कडू गोष्ट बोलायलाच हवी. जर्मनीत 1957 च्या कायद्याने दुसऱ्या महायुद्धातली पदकं वापरायला परवानगी मिळाली ती स्वस्तिक काढून. म्हणून त्याच क्रॉसच्या मध्यावर ओकची पानं असलेल्या नव्या आवृत्त्या निघाल्या. तिथले लिलाववाले छायाचित्रात ते चिन्ह झाकतात. पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर ‘माइन काम्फ’ व्यवस्थापनाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं, आणि तेच वातावरण या छंदातही येतं. इथे तो सगळा प्रकार रुबाबाचा वाटतो, शिस्तीचा वाटतो. आपल्यावर त्याची झळ आली नाही, म्हणून आपल्याला तो बिनदिक्कत हाताळता येतो. जमवू नये असं मी म्हणणार नाही. पण 5 मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे जुलै 1944 मध्ये इटलीत टायबरच्या खोऱ्यात पडले ते याच क्रॉसवाल्यांशी लढताना, एवढं तरी काचेचं कपाट लावताना ध्यानात असावं.

बाजाराचा हिशेब मात्र सरळ आहे: जे कमी ते महाग. 1934 च्या क्रॉसमध्ये सैनिकांचे तलवारीवाले ढिगाने मिळतात, विधवा आणि आई-वडिलांचे काळे क्रॉस सात लाखांच्या आसपासच दिले गेले, म्हणून त्यांना दर जास्त. त्यातही विक्रेते क्रॉस एकाला आणि सनद दुसऱ्याला विकतात, कारण सुटं विकून दोन पैसे जास्त सुटतात. सनदेवर त्या विधवेचं किंवा आई-वडिलांचं नाव असतं, गाव असतं, पोलीस ठाण्याचा शिक्का आणि तारीख असते. मी कुणाला एकच सल्ला देईन: दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर कागद घ्या, क्रॉस राहू द्या.